केसपेपरवरचा लाल ठिपका

"मॅडम, खुर्चीचं मशीन बिघडलंय. पेशंटला उद्या बोलावतो," प्रणव म्हणाला. त्याच खुर्चीचा दिवा त्याच्या मागे लख्ख पेटलेला मला दिसत होता.

सोलापुरातल्या एका डेंटल कॉलेजात मी दात काढण्याचा विभाग सांभाळते. प्रणव शेवटच्या वर्षाचा, वर्गात पहिला. पेशंट होत्या सांगोल्याकडच्या कोंडाबाई. शेळ्या जावेच्या हवाली करून, सकाळची पहिली एसटी पकडून आलेल्या. उजवा गाल टम्म सुजलेला.

"उद्या कसं जमंल? तिसरी खेप हाय माजी," त्या म्हणाल्या. "दोन रोज भाकर चावली न्हाय. दर येळी मशीनच बिघडतंय."

मी केसपेपर मागितला. वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता.

"हे काय?"

प्रणवने आवाज खाली आणला. "एचआयव्ही पॉझिटिव्ह, मॅडम. त्यांनी स्वतःच सांगितलं पहिल्या दिवशी. सीनियर्सनी शिकवलंय, ठिपका टाकायचा आणि सगळ्यांत शेवटी घ्यायचं."

"आणि शेवटी वेळ उरला नाही तर?"

"मग मशीन बिघडलंय म्हणून सांगायचं."

मला धक्काच बसला. 'युनिव्हर्सल प्रिकॉशन्स'वर याच मुलाला मी सगळ्यांत जास्त मार्क दिले होते. त्याचा साधा अर्थ असा: कुणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून प्रत्येकासाठी तीच काळजी घ्यायची. ग्लोव्ह्ज, मास्क, रक्त उडून डोळ्यांत जाऊ नये म्हणून चष्मा आणि ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेली हत्यारं.

"सकाळपासून तिघांचे दात काढलेस. चष्मा लावला होतास?"

"नाही."

"त्यांना एचआयव्ही नाही, हे कशावरून?"

"त्यांनी सांगितलं नाही, मॅडम."

जिने खरं सांगितलं तिला परत पाठवायचं आणि बाकीच्यांपुढे चष्म्याशिवाय बसायचं! कोंडाबाई सगळं ऐकत होत्या.

"खरं बोलले म्हणून व्हय हे, बाई? मग म्होरल्या दवाखान्यात न्हाय सांगायची."

मी त्यांची फाइल पाहिली. गोळ्या नेमाने चालू, रक्ताचे रिपोर्ट चांगले. दाढ काढायला काहीच अडचण नव्हती. प्रणवला चष्मा लावायला सांगितला आणि चिमटा त्याच्याच हातात दिला. तो चिमटा धरून नुसताच उभा राहिला.

"भिऊ नगं लेकरा, मी हालत न्हाय," कोंडाबाईच म्हणाल्या. दाढ निघाली.

संध्याकाळी सगळ्या मुलांना उभं करून झाडलं. "ही ठिपक्याची अक्कल कुणाची?"

विभागातले सगळ्यांत जुने अटेंडंट रफीकमामा हत्यारं पुसत होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, तुमीच चालू केलं की. तुमी नवीन नोकरीला लागला होता तवा. त्या पेशंटची हत्यारं दोनदा वाफवायला खूण पायजे म्हणून."

अंगावर पाणी ओतल्यासारखं झालं. खरं होतं, मीच विसरून गेले होते. लाल पेनही माझंच. मुलांपुढे मान वर करायची हिंमत होईना.

ठिपका त्याच दिवशी बंद केला. पेशंटने खरं सांगावं असं वाटत असेल, तर ते ऐकल्यावर आपण काय करतो हे आधी बघावं, एवढंच आता पहिल्या तासाला शिकवते.

आठवड्याने कोंडाबाई जखम दाखवायला आल्या. "मशीन झालं का नीट?"

"मशीन कधी बिघडलंच नव्हतं, मावशी. आम्ही खोटं बोललो."

"ठावं होतं मला," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसून आ केला.