जॉब गरम नव्हता

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आणि नवऱ्याला मी सगळं सांगते — त्याला ऐकायचं नसतं तेही. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही दत्ताला ओळखत नाही, म्हणून.

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचं कळेल. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या मोजमाप विभागात मी सगळी नोकरी काढली, आणि बरीच वर्षं त्या विभागाची प्रमुख होते. मी कामात चांगली होते — चांगली काय, उत्तम होते. खोटा विनय मला कधी जमला नाही. केसाच्या जाडीहून बारीक फरक शोधून काढणं हे माझं काम, आणि मी सांगितलेला आकडा कंपनीत कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. मॅडम म्हणाल्या ना, मग झालं. असं रोज कानावर पडलं की माणसाचं काय होतं? माणूस फुगतो. मीही फुगले.

दत्ता आमच्या सगळ्यात मोठ्या मशीनवर होता. पोलादाचे अवजड सांगाडे तासून अचूक करायचं काम त्याचं. गरीब बिचारा वगैरे समजू नका हं. त्याच्याइतका बढाईखोर माणूस मी जालना रोडवर दुसरा पाहिला नाही. "मशीन माही, हात माहे, माप मॅडमचं. बाकी समदे नुसते चहा प्यायला," असं तो साहेबांसमोर म्हणायचा. मी शेर तर तो सव्वाशेर. आमचं रोज वाजायचं आणि रोज जमायचं. त्याच्या डब्यातला ठेचा मी हक्कानं खायचे.

तर त्या दिवसांत आमच्याकडे दुर्बिणीचं काम आलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका उंच, कोरड्या डोंगरावर मोठी दुर्बीण उभी राहायची होती. त्यातला प्रचंड आरसा तुकड्यातुकड्यांचा, आणि प्रत्येक तुकड्याखाली पोलादी चौकट. त्या चौकटी आम्ही करायच्या. चौकटीवर छोट्या छोट्या बैठका असतात, काच त्यांच्यावर टेकते. एखादी बैठक जराशी उंच राहिली तरी काच वाकते, आणि मग ताऱ्याचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याचा डाग होतो. पहिली चौकट पास झाली की तिच्याबरोबर जोडणीला दोघं जाणार होते — एक मशीनवरचा, एक मोजमापातला. म्हणजे दत्ता आणि मी. त्यानं पासपोर्टच्या फोटोसाठी नवी सफारी शिवली होती. अख्ख्या कंपनीला तो फोटो दाखवून झाला होता. आम्ही त्याला चिडवायचो, की पासपोर्टला फक्त तोंड लागतं, विजार कशाला शिवलीस?

मोजायचं यंत्र लेझरचं. त्याचा किरण एका पोलादी बॉलवर जातो आणि परत येतो. बॉल मोठ्या लिंबाएवढा, त्याच्या पोटात आरशांचा एक कोपरा बसवलेला. तो बॉल हातानं एकेका बैठकीवर ठेवायचा, यंत्र त्याची जागा सांगतं. सगळा भरवसा त्या बॉलवर. तो पडला की आतला आरसा हलतो. वरून काही दिसत नाही, बॉल तसाच चकचकीत राहतो, पण मापं खोटी यायला लागतात. म्हणून आमच्याकडे एक नियम होता — बॉल पडला की लगेच सांगायचं, तो बाजूला काढायचा, दुसरा घ्यायचा. कुणी रागावणार नाही, कुणी शिक्षा करणार नाही. फक्त सांगायचं.

हा नियम कुणी केला होता? मी.

आता कळलं असेल तुम्हाला. तरी सांगते, कारण सांगायचंच ठरवलंय.

मे महिना होता. मोजणी बघायला परदेशातले दोन इंजिनिअर आले होते. दत्तानं आदल्या दिवशी शेवटचा कट घेतला, चौकट जरा वेळ शेडच्या शटरपाशी ठेवली — लोकांना दाखवायला, दुसरं काय! — आणि मग ती आमच्या एसीच्या खोलीत आणली. पोलाद गरम असलं की फुगतं, म्हणून ते रात्रभर थंड खोलीत निवू द्यायचं असतं. सकाळी मी स्वतः चौकटीला, म्हणजे आमच्या भाषेत जॉबला, तापमानाचा सेन्सर लावून पाहिलं. जॉब गार होता. हे मी आजही छातीठोक सांगते. जॉब गार होता.

पाहुणे चहाकडे वळले होते. मी बॉल या हातातून त्या हातात झेलत होते. मला तशी सवय होती, आणि खरं सांगू? — ते वळून बघतील तेव्हा मी किती सराईत दिसेन, हेही डोक्यात होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बॉल सुटला, चौकटीच्या पायावर आपटला आणि फरशीवर पडला. एसीच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही. मी तो उचलला, मऊ फडक्यानं पुसला. आतली काच फुटली नव्हती. दोन पावलांवर कपाटात दुसरा बॉल होता. नुसतं म्हणायचं होतं — अहो, पडला. शिकाऊ पोरी बिनधास्त म्हणायच्या ते.

मी ते म्हटलं नाही. त्याच बॉलनं मोजायला लागले.

मापं वाकडी आली. एक बैठक वर, दुसरी खाली, कशाचा कशाला मेळ नाही. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पडला. दत्ता खोलीत येऊन तणतणला, "नाय, व्हऊच शकत नाय. माह्या हातचं काम हाय हे. परत मोजा." आणि मी काय केलं? मी थंडपणे म्हणाले, आकडे समोर आहेत.

सगळे जेवायला गेल्यावर मी बॉल त्याच्या खोबणीत ठेवून हातानं फिरवून पाहिला. चांगला बॉल कसाही फिरवला तरी आकडा जागचा हलत नाही. हा हलत होता. म्हणजे शंकेला जागाच उरली नाही. मी नवा बॉल काढला, दोन बैठका मोजल्या. अगदी बरोबर. दत्ताचं काम सुरेख होतं. इतकं सुरेख काम मी पुन्हा पाहिलं नाही.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? आलं असतं. दहा मिनिटांची लाज होती. पण साहेब आत आले आणि त्यांनी विचारलं, काय झालं असेल? माझ्या तोंडून निघालं ते असं तयार निघालं, जणू मी ते आधीच बांधून ठेवलं होतं. मी म्हणाले, जॉब वरून गार होता, आत धग राहिली असणार. काल शटरपाशी उन्हात होता ना, तो तसाच गरम आत आणला. उद्या पुन्हा मोजू, मापं जागेवर येतील.

दुसऱ्या दिवशी नव्या बॉलनं मोजलं. मापं जागेवर आली. येणारच होती. पाहुणे खूश झाले आणि माझ्या अंदाजाचं कौतुक करून गेले. चौकट पास झाली, नापास झाला फक्त दत्ता. असा निष्काळजी माणूस बाहेर पाठवायचा नाही, असं ठरलं. पुढच्या चौकटीही त्याच्याकडून काढून घेतल्या आणि त्याला चितेगावच्या युनिटवर पाठवलं, मोटारींचे साधे पार्ट करायला.

तो भांडेल, असं मला वाटलं होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तो आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, लई इचार केला. उन्हात किती वेळ व्हता, मला बी सांगता येत नाय. लोकांना दाखवायच्या नादात ऱ्हायला असंल. चूक माहीच हाय. तुमची उगाच पंचाईत झाली पाहुण्यांम्होरं. माफ करा."

माझ्याकडे माफी मागत होता तो. आणि मी दिली. म्हणाले, जाऊ दे दत्ता, होतं असं कधी कधी.

मी त्या डोंगरावर जाऊन आले. चौकट बसली तेव्हा मी तिथं होते, तिच्यावर काच उतरली तेव्हा होते. परत आल्यावर दत्ता मुद्दाम चितेगावहून भेटायला आला आणि तिथलं आभाळ कसं दिसतं ते विचारत बसला. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी रंगवून सांगितलं. तो लहान मुलासारखा ऐकत होता. सांगताना मला मजा येत होती, हेही लपवत नाही.

त्यानंतर खरं सांगायचं किती वेळा ठरवलं असेल! पण गोष्ट जुनी झाली की सांगायला सोपी होते, हे साफ खोटं आहे. दर वर्षी एक नवा प्रश्न तिला चिकटतो — मागच्या वर्षी का नाही सांगितलं?

दत्ताच्या निरोप समारंभाला त्यानं मला फोन करून बोलावलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते. तो त्या पासपोर्टच्या फोटोतल्या सफारीतच असेल असं उगाच वाटलं होतं, पण साधा पांढरा शर्ट घालून आला होता. चितेगावची सगळी शिकाऊ मुलं-मुली समोर बसली होती. तो बोलायला उभा राहिला. मला वाटलं, आता बढाया सुरू. पण तो म्हणाला, "पोरांनो, माही एकच गोष्ट ध्यानात ठेवा. मी एकदा मिरवायच्या नादात गरम जॉब आत नेला. तारे बघायच्या दुर्बिणीचा जॉब. ह्या मॅडमनी वळखलं म्हणून कंपनीची लाज ऱ्हायली. चूक झाली की कबूल करायची. मी कबूल केली, म्हणून मला झोप लागली."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

नंतर तो माझ्यासाठी समोसा आणि चिवड्याची बशी घेऊन आला. शेजारी बसला आणि हळूच विचारलं, "बराबर सांगितलं ना, मॅडम?"

मी म्हणाले, "अगदी बरोबर."