शाळेच्या वर्गातला चहा

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनही येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच तर माफ करावं.

नदीचं पाणी शिरून घराच्या भिंती बसल्या, तेव्हा आम्ही पातूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत, एका वर्गात राहत होतो. एका संस्थेच्या दोन मुली कोणाला काय हवं ते विचारायला आल्या. सासूबाई आपली भाकर माझ्या लेकीला देत आणि स्वतः उपाशी राहत. पण आलेल्याला चहाविना पाठवणं त्यांना जमत नसे. त्यांनी मला खुणावलं. मी शेजारणीकडून उसने पैसे घेऊन दूध-साखर आणली.

"आजी, दोन वेळ जेवण मिळतं ना?" एकीनं विचारलं.

"मिळते न व माय. तुमी पयले चहा घ्या, थंडा होऊन रायला."

"तब्येत बरी आहे?"

"मले काय धाड भरली!" सासूबाई हसल्या.

सासूबाईंसमोर मी कधी बोलले नव्हते. पदर सारखा करत उभी राहिले. मुली दुधाचा चहा प्यायल्या आणि आमचं बरं चाललंय असं समजून पुढच्या वर्गात गेल्या. धान्य आलं, ते दुसऱ्यांना मिळालं. मग ताप आला, त्यात सासूबाईंचं उपाशी अंग टिकलं नाही. शाळेतच त्या वारल्या.

कापूस वेचणीची मजुरी हाती आली, तेव्हा मी शेजारणीकडे गेले.

"राहू दे व, म्हातारीच्या चहाचे काय पैसे घ्याचे?" ती रडत म्हणाली.

पण पाहुण्यांच्या चहाची उधारी सासूबाईंना चालली नसती. मी उसने घेतलेले सगळे पैसे तिच्या हातावर ठेवले.