सरगुंड्यांवर तुळस

त्या काळी अकोल्यात इटालियन बोलणारी माणसं तीनच होती: कापूस कंपनीचे गोरे साहेब, त्यांची मॅडम आणि मी. पैकी साहेब-मॅडमना बंगला होता. मला सासर होतं, आणि ते हातचं जायची वेळ आली होती!

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. वडील लवकर गेले, तिसरीतच शाळा सुटली, आणि मामांनी स्थळ शोधलं ते मुंबई इलाखा ओलांडून थेट मध्यप्रांत-वऱ्हाडात! गाडीत बसवताना मामा म्हणाले, "पोरी, नीट ऱ्हा. परत यायला हितं जागा न्हाई." हे मी इतकं मनावर घेतलं की सासरी पहिले काही महिने शिंकसुद्धा इकडंतिकडं बघून दिली.

सासरी मात्र सगळे चांगले होते. काळ्या, पोरक्या, परमुलखातल्या मुलीला त्यांनी घरात घेतलं, दोन वेळा पोटभर घातलं. मी उपकाराखाली वाकलेली असायची. मोर्णेकाठी त्यांचा विहिरीवरचा मळा. वांगी, मेथी, कांदे, झेंडू आणि भेदरं. (भेदरं म्हणजे टोमॅटो. घरात ती कुणी खात नसे. इतक्या लाल वस्तूचा सासूबाईंना संशय!) भेदरं जायची साहेबांच्या बंगल्यावर. टोपली मामंजी न्यायचे. पण परत यायचे ते धोतरावर लाल ठिपके घेऊन, आणि वर "भूक नाई" म्हणायचे.

"हे काय व्हय?" सासूबाई विचारायच्या.

"पान खाल्लं."

"रोज?"

"बंगल्याजोळ पानवाला बसते ना वं."

सासूबाईंना पानाचा भारी तिटकारा. एक दिवस त्यांनी मामंजींच्या डोक्यावरची टोपली उतरवली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "तिसरी शिकेल हाय थे. मडमीचं बोलनं तिले बराबर समजन!"

मडमीचं बोलणं मला एक अक्षर समजलं नाही. पण घरी तसं सांगणं म्हणजे मामांच्या दारात गाठोडं घेऊन उभं राहणं! मग मी युक्ती केली. टोपलीतलं एकेक उचलायचं आणि भुवया उंच करायच्या. भेदरं उचलली, मॅडम म्हणाली, "पोमोदोरो!" कांदा उचलला, "चिपोल्ला!" लसूण, "आल्यो!" पण नुसत्या नावावर तिचं समाधान होईना. ती मला मागच्या पडवीत बसवायची, शेगडी पेटवायची आणि त्या वस्तूचं पुढं काय होतं ते दाखवायची. भांड्याशी गाणं म्हणायची, डब्यातली माकेरोनी शिजवून तिच्यावर रस्सा ओतायची, वर चीज किसताना "फोर्माज्जो!" म्हणायची, बोटांची चिमूट करून तिचा मुका घ्यायची. ही भाषा निम्मी हातांनी बोलतात हे मला तिथंच कळलं. कांद्याला एक हात पुरतो. लसणाला दोन्ही लागतात. (मी तिथं खाल्लं काही नाही हो! शपथ. वास मात्र घेतला.)

एकदा मेथीच्या जुडीत तुळशीची काडी चुकून गेली. मॅडमनं ती उचलली, पान चुरगाळलं, हुंगलं आणि घळाघळा रडायला लागली. "बाझिलिको, बाझिलिको!" तिच्या आईच्या दारात असलंच झाड असणार, एवढं मला भाषेवाचून कळलं. मला माझी आई आठवली. दोघी पडवीत बसून रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि ती पानं सरळ भेदरांच्या रश्शात टाकली! देवाची तुळस, आणि रश्शात! पण बाईचं मन मोडवेना. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या वृंदावनातली दोन काड्या तुळस पदरात लपवून न्यायला लागले.

घरी मी उजळणी करायची. पहाटे जात्यावर बसले की ओव्यांऐवजी, "पोमोदोरो... चिपोल्ला... आल्यो..." आणि शब्दागणिक हात भिंतीकडं! सासूबाई दारामागून बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

"काय पुटपुटून राहिली वं?"

"काही नाही आत्याबाई, भाज्या."

"भाज्या? अन् हात कोनाले करून राहिली? भिताडाले?"

त्यांनी तुळशीच्या काड्या मोजायला सुरुवात केली. रोज दोन कमी! तुळस चोरते, मंत्र म्हणते, हातवारे करते, आणि आलेली कुठून तर घाटावरून, जिथलं इथं कुणी कुणाला ओळखत नाही. त्यांनी हिशेब जुळवला: करणी! त्यांनी तो आमच्या ह्यांच्या कानावर घातला. तेव्हापासून हे जेवायला बसले की पहिला घास उचलून मांजराला घालायचे आणि ते पाणी पिऊन येईपर्यंत स्वतः थांबायचे. मला भरून यायचं. मुक्या जनावरावर केवढी दया! किती धार्मिक नवरा मिळाला!

अशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. इकडे आखाजीला पितरांना घागर ठेवतात, जेवू घालतात, आणि घरी आंब्याचा रस असतो. धामणगावहून वन्सं आणि जावईबापू आले. जावईबापू अडत्याच्या दुकानी कापसाची पारख करायचे, त्यामुळं समोर येईल त्यात खोट शोधायची त्यांना सवय. पाण्याचा तांब्यासुद्धा उजेडात धरून बघायचे. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"पाह्य सूनबाई. जावई आज पानावरून उपाशी उठला, त मी तुले उद्याच्या गाडीनं मायेरी धाडतो. मंग तिकडं म्हन तुहे मंतर."

मी पदर खोचला. सासूबाईंनी घागर उचलली.

"मी नदीवर जाऊन येतो. ताईनं घरून सरगुंडे आनले, टोपल्यात हायेत. थे रांधून ठेव."

सरगुंडे हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. विचारायला हवं होतं. पण तिसरी शिकलेल्या सुनेनं विचारायचं कसं? मी टोपल्यावरचं फडकं उचललं आणि बघतच राहिले. काडीवर गुंडाळून वाळवलेल्या, आतून पोकळ, कणकेच्या नळ्या. माकेरोनी! हुबेहूब मॅडमच्या डब्यातली!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे घरच्यांना सगळं ठाऊक होतं! मी चोरून शिकते आहे हे ओळखून ह्या देवमाणसांनी माझी परीक्षा घ्यायला, माझं कौतुक व्हावं म्हणून, धामणगावहून खास माकेरोनी मागवली होती!

मग मी मागं वळून पाहिलं नाही. मळ्यातून दोन ओंजळी भेदरं आणली. लसूण दोन्ही हातांनी घातला. भांड्याशी गाणं म्हटलं. पानं वाढली तेव्हा पांढऱ्या नळ्यांवर लालभडक रस्सा ओतला आणि जावईबापूंच्या पानावर, मान म्हणून, तुळशीची पाच हिरवीगार पानं ठेवली.

सासूबाई रसाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. (वऱ्हाडात सरगुंडे आंब्याच्या रसाशी खातात, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर वाचता आलं.)

जावईबापूंनी एक नळी उचलली. तिच्यातून आरपार पाहिलं. मग तुळस पाहिली.

"हे काय व्हय?"

"तुळस," मी म्हणाले.

"तुळस कोनाच्या तोंडात ठेवतात?"

वन्संनी तोंडाला पदर लावला.

"आज आखाजी. पितराचं पान मले वाढलं तुमी!" ते अर्धे उठले. "जित्ता हाय ना बावा मी अजून! अन् हे लाल काय हाय? कोनाचं हाय?"

"बसा ना, बसा," हे म्हणाले, आणि घास घेऊन मांजर शोधायला लागले. मांजर त्या दिवशी आधीच माजघरातून पळालं होतं.

"पाह्यलं का!" सासूबाई कडाडल्या. "मी म्हनत नव्हती? रोज दोन काड्या जातात तुळशीच्या! करनी हाय करनी! बांध तुहं गाठोडं!"

मी गाठोडं बांधायला खरंच उठले. मामांचं दार डोळ्यांपुढं दिसत होतं. तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून भुरका ऐकू आला.

मामंजींचं पान चाटूनपुसून स्वच्छ होतं. धोतरावर लाल ठिपके. त्यांनी शांतपणे बोटांची चिमूट केली आणि तिचा मुका घेतला.

"मस्त झालं सूनबाई. फक्त वरतून थे फोर्माज्जो खिसून टाकतात ना, थे राह्यलं."

सासूबाईंनी पातेलं हळूच खाली ठेवलं.

"तुमाले काय ठाऊक वरतून काय टाकतात थे?"

मामंजींचा हात तोंडापाशीच राहिला.

"अन् हे ठिपके... हे पान व्हय? बंगल्याजोळचा पानवाला व्हय?" सासूबाईंचा आवाज एकेक पायरी चढत गेला. "मडमीच्या घरी जेवत होते तुमी! अन् वरतून मले म्हने भूक नाई!"

"अवं, दोनचारदाच..."

"सूनबाई, ठेव थे गाठोडं! तुह्याऐवजी ह्यायलेच धाडतो तुह्या मायेरी!"

सगळा संशय एका क्षणात माझ्यावरून उठून मामंजींवर जाऊन बसला. जावईबापू तसेच अर्धे उठलेले. त्यांनी सासऱ्यांना निरखून पाहिलं. सासरे पडत नाहीत, उलट नजर चुकवून दुसऱ्यांदा वाढून घेताहेत, हे दिसल्यावर तेही हळूच बसले. तुळस बाजूला केली, एक नळी खाल्ली, मग तीनदा मागून घेतलं. वर रसही ओतून घेतला, खोट राहू नये म्हणून.

मी राहिले. पण सासूबाईंनी वृंदावनाला तट्ट्याचं कुंपण घातलं, त्याला दार केलं, दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली कमरेला खोचली. ती शेवटपर्यंत तिथंच होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरला. "लय केलं तू माह्यं," म्हणाल्या. मी पदराला डोळे पुसले. मग त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या पाठीमागं उभ्या असलेल्या माझ्या सुनेच्या हातात दिली!

आता मीच घरची सासू आहे. तुळशीला पाणी घालायचं तर सुनेला हाक मारते. ती कुलूप उघडते, माझं होईपर्यंत उभी राहते, आणि जाताना काड्या मोजते. कधीमधी भाजी निवडताना माझ्या तोंडून "चिपोल्ला" निघून जातं. त्या दिवशी ती पहिला घास मांजराला घालते.

तिला मी धार्मिक समजत नाही.