मंडईचे पाहुणे आणि माझा सिनेमा

लोक येणाऱ्या सिनेमांबद्दल जितकं बोलतात तितकं पाहिलेल्या सिनेमांबद्दल बोलत नाहीत. पाहिलेल्याबद्दल बोलायचं तर तो पाहावा लागतो. येणाऱ्याचं तसं नाही. आधी नाव जाहीर होतं, मग पोस्टर येतं, मग टीझर कधी येणार याची बातमी, मग टीझर, मग ट्रेलर कधी येणार याची बातमी. इतकं सगळं चाटूनपुसून झाल्यावर प्रत्यक्ष सिनेमा म्हणजे भांड्याच्या बुडाशी लागलेला भात.

साकोलीत हायवेला लागून वडिलांचं रंगाचं दुकान आहे. दुपारी ते जेवायला गेले की मी गल्ल्यावर बसते. बाहेरच्या बाकावर काही मुलं कायम बसलेली असतात. त्यांना रंग घ्यायचा नसतो, सावली हवी असते. त्यांच्यामुळे मला पुढच्या दोन वर्षांचे सिनेमे तोंडपाठ आहेत. कोणाचा तिसरा भाग येतो आहे, कोणाचा पाचवा, मागच्या भागात जळून मेलेला खलनायक परत कसा येणार, दक्षिणेतला कोणता हिरो हिंदीतल्या कोणत्या हिरोला भेटायला दोन मिनिटं हेलिकॉप्टरमधून उतरणार. “थिएटर फाटते पाहा यावेळेस,” असं ते प्रत्येक सिनेमाबद्दल म्हणतात. आजवर थिएटरातल्या खुर्च्यांचं रेक्झिन तेवढं फाटलं आहे.

मी काही बोलत नाही. मी एकूणच कमी बोलते. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून गावाला वाटतं मी तोऱ्यात आहे आणि शाळेत सगळ्यांना मी गावंढळ वाटायचे. दोन्हीकडे गप्प राहिलं की भागायचं. तीच सवय राहिली.

आणि तरी मीही एका सिनेमाची वाट पाहत होते. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की त्याचं बाकावरचं बोलणं होतं. लहानसा मराठी सिनेमा होता. एका डोंगरी मार्गावरच्या बसमधली कंडक्टर बाई, तिचं रोजचं जाणंयेणं, एवढंच. त्यात ती जवळजवळ बोलतच नाही. ट्रेलरमध्ये ती एकदाच तोंड उघडते, तेही “पुढे सरका” म्हणायला. मला तो थिएटरातच पाहायचा होता. मोबाइलच्या पडद्यावर फक्त बोलणारे लोक दिसतात. न बोलणारं माणूस तिथे दिसत नाही.

तो दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी येणार होता. आमच्या भागात फक्त भंडाऱ्याला, रोज दुपारचा एकच खेळ. आणि नेमकी त्याच शुक्रवारी मामाच्या गावची मंडई होती.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. मामाचं गाव दिघोरीजवळचं, तिथलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. ज्या घरात लग्नाची मुलगी असते त्या घरी येणारे पाहुणे नाटकच पाहायला येतात, मुलगी पाहायला आलो असं कोणी म्हणत नाही. मुलीने चहा नेऊन द्यायचा आणि सगळ्यांनी नाटक कंपनीबद्दल बोलायचं. या ढोंगाला आमच्याकडे रीत म्हणतात.

“नागपूरचे पाहुणे येऊन राहिले मंडईले,” आई म्हणाली. “पोरगा कंपनीत आहे. आन् तुह्यासारखाच सिनेमाचा शौकीन आहे म्हणे.”

“मग शनिवारी बाबांनी मला भंडाऱ्याला सिनेमाला न्यायचं,” मी म्हणाले. “तरच येते.”

वडिलांनी विचारलं, “एका सिनेमासाठी भंडारा?”

“हो.”

“बरं.”

माझं गप्प राहणं कोणाकडून आलं, याबद्दल आमच्या घरात वाद नाही.

मंडईच्या दुपारी नागपूरचे पाहुणे मामाच्या ओसरीवर बसले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मी चहा नेला. मामीने बाकीच्यांना “चला जी, बाजार दाखवते” म्हणून उठवलं आणि ती सगळ्यांना घेऊन अंगणाच्या पलीकडे गेली, जिथून ओसरी नीट दिसते.

त्याच्या टीशर्टवर मुखवटा घातलेला एक विदेशी माणूस होता. “तुम्हाला मूव्हीज आवडतात असं ऐकलं,” तो म्हणाला, आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता सुरू झाला. पुढच्या वर्षी काय काय येणार, कोणतं कशाशी जोडलेलं आहे, कोणता भाग पाहिल्याशिवाय कोणता कळणार नाही. सगळं ऐकून झाल्यावर मला वाटलं की हा मनोरंजनाबद्दल नाही, बारावीच्या पोर्शनबद्दल बोलतो आहे. मग कमाई. कोणता सिनेमा पहिल्या दिवशी किती कोटी घेणार हे तो अशा काळजीने सांगत होता, जसे ते त्याच्याच खात्यात जमा होणार आहेत.

“तुम्ही कशाची वाट पाहून राहिल्या?”

मला खोटं पटकन सुचत नाही. मी नाव सांगितलं.

“हे काय आहे?” त्याने मोबाइलवर शोधलं आणि ट्रेलर आवाज बंद ठेवून अर्धा पाहिला. “अच्छा. फेस्टिव्हल टाइप. हे तर महिन्याभरात मोबाइलवर येऊन जाईल. आमच्या एका ग्रुपवर प्रिंटच येते. नंबर द्या, पाठवतो.”

एवढं बोलून तो असा हसला की जणू त्याने मला काही दिलं. मी कप उचलले.

आत जाऊन मी थिएटरला फोन लावला. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे मी आधी वाक्यं मनात म्हणून बघते. त्यातलं एकही लागलं नाही, कारण पलीकडचा माणूस स्वतःच बोलला. “आज लावलाच नाही मॅडम. तीन जण आले, परत पाठवले. दहा तरी पाहिजेत ना. उद्या नाही झाले तर परवापासून दुसरा लावतो.”

म्हणजे उद्या, नाहीतर कधीच नाही. मी वडिलांना परसात गाठून सांगितलं. ते म्हणाले, “आपण दोघं. तुझी आई धरली तर तिघं.” आम्ही दोघंही विहिरीकडे बघत उभे राहिलो. आमच्या ओळखी वाढवायच्या असत्या तर त्या आधीच वाढवल्या असत्या.

“दहाच ना?” मामी बाजारातून परत येऊन मागच्या दारात भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू येतं, विशेषतः तिला न सांगितलेलं. “ओसरीवर एवढे पाहुणे पडले राहतीन उद्या. ते कायले आहेत?”

सकाळी ओसरीवर रात्रभर नाटक पाहून आलेली माणसं ओळीने झोपली होती. मामी मध्ये उभी राहिली. “उठा जी पाहुणे! भंडाऱ्याले सिनेमाले जाऊन राहिलो आपण. पाहुणचार आहे आमचा!”

मंडईच्या घरचा पाहुणचार नाकारता येत नाही. वाढलेली पुरी परत केली तरी पुढच्या मंडईपर्यंत त्याचं नाव निघतं, मग सिनेमाचं काय? मुलाचे वडील डोळे चोळत म्हणाले, “आता कायले एवढा त्रास जी?”

“त्रास कायचा? नाटक दाखवलं, सिनेमाबी दाखवतो. आमच्या भाचीचा सिनेमा आहे.”

“हिनं काम केलं का त्यात?” मुलाची आई उठून बसली आणि तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

जे मी इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं ते आता सगळ्या ओसरीला माहीत झालं होतं, आणि चुकीचं. मी आत जाऊन चप्पल शोधत बसले.

मामाची काळीपिवळी जीप प्रवासी वाहतुकीची. तिच्यात किती माणसं बसतात याचं उत्तर मामाकडे कधीच नसतं, तो फक्त “अजून येतात” म्हणतो. निघायला उशीर झालाच होता, तरी हायवेला चहासाठी गाडी थांबली. मी आईला हळूच म्हटलं की सिनेमा सुरू होऊन जाईल.

मामीने ऐकलं. “नाटक का टायमावर चालू होते? काल परदा कवा उघडला सांग बरं. माणसंच नाही आले तं कोणाले दाखवतीन ते?” आणि तिने आणखी एक कप सांगितला.

यापूर्वी तिचं हे तत्त्वज्ञान मी लग्नांत, बसस्टॉपवर आणि दवाखान्यात चुकताना पाहिलं होतं. त्या दिवशी ते बरोबर निघालं. थिएटरचा माणूस दारात खुर्ची टाकून बसला होता. आम्ही उतरत गेलो तसा तो उभा राहत गेला.

“एवढे सगळे? याच सिनेमाले?” त्याने खात्री करायला पोस्टरकडे बोट दाखवलं.

आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तरी मामीने एका पूर्ण ओळीवर चादर पसरून जागा धरली, नाटकात धरतात तशी. आईने मुलाला माझ्याजवळ बसवलं, मधल्या खुर्चीवर स्वतःची पर्स ठेवून. त्याने पडद्यावर आलेल्या नावाचा फोटो काढला, स्टेटसला टाकला, आणि मग बराच वेळ तो स्टेटस कोणी पाहिला ते पाहत राहिला.

कंडक्टर बाई आली. तिकिटं फाडू लागली.

“मुकी आहे का वं हे?” मामीने विचारलं.

“नाही.”

“मंग बोलून काहून नाही राहिली?”

“आपल्या पोरीसारखी आहे,” मामा म्हणाला. “डान्स कवा आहे पण?”

आमच्याकडच्या नाटकात दर थोड्या वेळाने डान्स असतो. इथे बस वळणं घेत राहिली. त्या वळणांनी, की रात्रीच्या जागरणाने, एकेक मान खाली गेली. आधी मुलाचे काका, मग मामा, मग मामी चादर ओढून आडवीच झाली. मुलगा मध्यंतरात जागा झाला, त्याने समोसे खाल्ले, म्हणाला, “स्लो आहे, पण बिल्डअप असेल,” आणि पडदा उजळल्याबरोबर पुन्हा झोपला. वडील मागच्या ओळीत जागे होते. एकदा मी मागे पाहिलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

सिनेमा फार थोर होता असं मी म्हणणार नाही. वाट पाहिली म्हणून कौतुक करायची माझी तयारी नाही. तिचा नवरा अगदीच पुठ्ठ्याचा होता. कुठे रडायचं ते व्हायोलिन आधीच कळवत होतं. एक कुत्रा होता, तो का होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण शेवटी सगळे प्रवासी उतरतात, बस रिकामी होते, आणि ती आपली जागा सोडून मागच्या खिडकीशी जाऊन बसते, प्रवाशासारखी. बाहेर बघते. कितीतरी वेळ काहीच होत नाही. एवढा मोठा गप्प चेहरा मी कधी पाहिला नव्हता, भिंतीएवढा. आणि पूर्ण थिएटरात कोणी खोकत नव्हतं, कोणी डान्स मागत नव्हतं. पाहुणे माझ्यासाठी याहून चांगलं काही करू शकले नसते.

बाहेर उन्हात आल्यावर मामी म्हणाली, “ते बाई बाहेर येते का भेटाले?” मामा गाडी वळवायला गेला.

मुलगा आळस देत माझ्याजवळ आला. गालावर खुर्चीच्या शिवणीचा वळ होता. “थ्री स्टार,” तो म्हणाला. “सेकंड हाफ ड्रॅग झाला. एडिटिंग टाइट पाहिजे होती.”

मी सहसा विचारत नाही. पण विचारलं. “शेवटी ती कुठे बसते?”

“हो ना,” तो म्हणाला, “एंडिंग थोडं ओपन ठेवलं त्यांनी.”

रविवारी आम्ही साकोलीला परतलो. दुकान उघडतच होतो, तेवढ्यात नागपूरहून मध्यस्थाचा फोन आला, मुलगी पसंत आहे, शांत आहे. आईने फोनवर हात ठेवला. “मंग काय सांगू त्यायले?”

“नाही म्हण.”

“काहून? कारण तं पाहिजे.”

“झोपला होता तो.”

“अवं, रातभर नाटक पाहिलं त्यानं, झोपनच ना! मामी नाही झोपली का?”

“मामीनं स्टार नाही दिले.”

आई वडिलांकडे वळली. ते रंगाच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. त्यांनी फडकं झटकलं.

“पत्रिका जुळत नाही म्हणून सांग,” ते म्हणाले.