जॉब कार्डावरची मंडळी

संग्रहालयातल्या विमानाजवळच्या पाटीवर लिहिलंय, "पंखावरील कापडी आवरण स्थानिक मदतनीसांच्या साहाय्याने." बस. खाली इंग्रजीतही काहीतरी आहे. ते मला वाचता येत नाही, पण ओळ तेवढीच आहे, म्हणजे तिथेही तेवढंच खोटं असणार.

मदतनीस! चार महिने उभं राहून जिने अख्खा पंख शिवला, ती मदतनीस. आणि ज्यांनी खुर्चीत बसून चहा पिता पिता "छान, छान" म्हटलं, त्यांची नावं पितळी अक्षरांत दाराशी लावलीत. त्यातल्या एकाने तरी कधी सुईत दोरा ओवला असेल तर मी मिशी काढीन.

मी सातवी शिकलेला माणूस. ठाण्यात एका कंपनीत लोखंडी कपाटं नि टाक्या बनवायचो. पत्रा कापणं, वाकवणं, ठोकणं, दुसरं काही येत नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कंपनीला टाळं लागलं. त्या वयात कोण घेतो? एका ओळखीच्याने सांगितलं, कल्याणच्या पुढे एका शेडमध्ये जुनी विमानं दुरुस्त करतात, पत्रेकामाला माणूस पाहिजे. मला वाटलं भंगारवाला असेल. गेलो तर खरोखरच विमानं! कुणाला चाकं नाहीत, कुणाचं नाक चेपलेलं, एकाच्या पोटात घुशींनी घर केलेलं. ती उडवायची नव्हती. नीट करून संग्रहालयात ठेवायची होती, लोकांना बघायला.

आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत लगेच बातमी. नाक्यावर एक जण रोज विचारायचा, "काय पायलट, आज कितीला उड्डाण?" मी खाली मान घालून जायचो. एकदा आमची ही बरोबर होती. ती म्हणाली, "तुमच्याच गच्चीवर उतरवणार आहेत. वरचे पत्रे सांभाळा." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

काम मात्र मला आवडलं. पत्रा खोटं बोलत नाही. कुठे विमान जोरात आदळलं, कुठे घाईघाईत ठिगळ मारलं, कुठे कुणीतरी निवांत बसून मन लावून ठोकलंय, हाताला सगळं कळतं. आमचे साहेब त्याला इतिहास म्हणायचे. मी त्याला पोचा म्हणायचो. साहेब म्हणजे रिटायर झालेला मोठा माणूस, विमानांची माहिती तोंडपाठ. कुठलं इंजिन, कुठला कारखाना, कोण उडवायचा, सगळं. पत्रा कुणी ठोकला हे मात्र त्यांना कधीच माहीत नसायचं. आणि मी विचारलं की हसायचे.

चार-पाच वर्षांनी शेडमध्ये एक छोटं विमान आलं, शिकाऊ पायलटांचं. त्याच्या पंखांना पत्रा नव्हता. लाकडी फासळ्या आणि वरून कापड, आपण छत्रीला लावतो तसं. कापड कुजलेलं. ते काढून नवं शिवायचं होतं. कल्याणच्या बाजारातून एक टेलर आणला. त्याने पंखाभोवती दोन चकरा मारल्या. "हे मशीनखाली कसं घालू?" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

घरी येऊन मी हे सांगितलं. ही जमिनीवर गोधडी पसरून शिवत बसलेली. वर न बघता म्हणाली, "मग दाभणीने शिवा की. गोधडीला दोन अंगं, तुमच्या पंखालाही दोनच ना?"

दुसऱ्या दिवशी घेऊनच गेलो. साहेब तिला पंख दाखवायला लागले, पण ती गेली जमिनीवर टाकलेल्या कुजक्या कापडाकडे. उकिडवी बसली, टाके चाचपले, आणि म्हणाली, "शिवणारी बाई डावखुरी होती."

साहेब म्हणाले, "बाई, हे परदेशात बनलंय. कारखान्यात."

"मग? तिकडे डाव्या हाताच्या बाया नसतात काय?"

ही स्वतः डावखुरी. त्यापायी आयुष्यभर बोलणी खाल्लेली. माझ्या आईने तर पहिली दोन वर्षं तिला देवाला फूल वाहू दिलं नाही. म्हणून तिला त्या परक्या बाईचा हात लगेच ओळखू आला असावा. तिने साहेबांना बोट लावून दाखवलं, हा टाका कुठून सुरू झाला, गाठीचं शेपूट कुठल्या अंगाला पडलंय. पुढे अर्ध्या पंखावर हात बदललेला. "इथून दुसरीने शिवलंय," म्हणाली. "पहिलीला घरी जायचं असेल, पोर रडत असेल." साहेबांनी सगळी पुस्तकं वाचलेली, पण हे त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

मग शिवण सुरू झाली. पंख काठावर उभा केलेला. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये कापड. हातभर लांब दाभण, मेण लावलेला दोरा. ती दाभण आरपार घालायची, मी पलीकडून फासळीला वळसा देऊन परत पाठवायचो, ती गाठ मारायची. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, नुसता आवाज.

"अहो, झोपलात का पलीकडे?"

"अगं, दोरा अडकलाय."

"ओढू नका एवढं. कापड आहे ते, पत्रा नाही."

दुपारी ती भाकरी आणि ठेचा काढायची. साहेब पण येऊन बसायचे आमच्यात. ठेचा खाऊन नाकडोळ्यांतून पाणी, तरी "अजून थोडा द्या" म्हणायचे. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढे उपयोगी पडेल.

शिवून झाल्यावर कापडावर एक वासाचं औषध लावतात, नेलपॉलिशसारखं, ते सुकलं की कापड ढोलासारखं ताणतं. वर रंग. पण हातभर जागा बिनरंगाची ठेवून तिच्यावर काच बसवली, बघणाऱ्याला टाके दिसावेत म्हणून. ही कल्पना साहेबांची. तेवढं श्रेय त्यांना देतो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण चूक माझीही आहे. रोज संध्याकाळी जॉब कार्ड भरायला लागायचं. काम काय, आणि काम करणारा कोण. मी रोज लिहायचो, "पंख शिवला. मी व मंडळी."

आमच्या पिढीत बायकोचं नाव घेत नाहीत. ती मला अहो, मी तिला अगं. तिसऱ्याशी बोलताना मंडळी, नाहीतर आमच्या घरातून. तिचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलेलं, सगळे मागे लागलेले म्हणून. त्यानंतर एकदम गेल्या वर्षी घेतलं, स्मशानातल्या खिडकीपाशी. आतल्या माणसाने फॉर्म पुढे ओढून विचारलं, "मयताचं नाव?" तेव्हा.

ती गेल्यावर आठ महिन्यांनी संग्रहालय उघडलं. मला आमंत्रणाचं कार्ड आलं. स्वच्छ शर्ट घालून गेलो. विमान छान दिसत होतं. पंखाजवळ गेलो, पाटी वाचली, आणि भाषणं सुरू व्हायच्या आत घरी निघून आलो.

दोन दिवसांनी परत गेलो. तिथे एक तरुण मॅडम आहेत, सगळ्या नोंदी त्यांच्याकडे. म्हटलं, "हे मदतनीस कोण?"

"काका, रेकॉर्डमध्ये आहे तेच लिहिलंय." त्यांनी माझंच जॉब कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "हे बघा, मी व मंडळी. मंडळी म्हणजे लोक ना? म्हणून सरांनी स्थानिक मदतनीस केलं."

"अहो, मंडळी म्हणजे बायको!"

पोरगी हसली. मग माझं तोंड बघून कार्ड पुन्हा वाचायला लागली. तिचा दोष नाही, तिच्या घरात कुणी असं म्हणत नसेल. पण तिचे सर म्हणजे आमचे साहेबच, त्यांना माहीत नव्हतं? मी तिथूनच त्यांना फोन लावायला सांगितला.

साहेब म्हणाले, "हो, हो, बाई कोणीतरी यायच्या खऱ्या. नाव काही आठवत नाही."

"कोणीतरी? तिच्या हातचा ठेचा खाऊन रडत होतात ती कोणीतरी?"

"अहो, चिडू नका. तुम्हीच लिहून दिलंत ना तसं? आणि पुराव्याशिवाय पाटी बदलता येत नाही. इतिहास आहे हा."

इतिहास! विमान कुणी उडवलं, कुणी पाडलं, कुणी फीत कापली, तो इतिहास. त्याला पुरावा लागत नाही, फोटो असतात. शिवणाऱ्या बाईला मात्र पुरावा. मी म्हटलं, "आणतो पुरावा."

तिच्या गोधड्यांपैकी एकच उरलीय, ती मुलीकडे, ठाण्याच्या पुढे दिवा गावात. मुलगी आधी चिडली. "बाबा, आता पाटीसाठी भांडणार? या वयात?" मग आत गेली आणि घेऊन आली. "कुणाला धुवू देऊ नका. दिव्यात पाणी नसतं म्हणून नाही, मी मुद्दाम धुतली नाहीये." तिने ती दोनदा घडी घातली, दोनदा उघडली. मी रिक्षात मांडीवर घेऊन बसलो.

संग्रहालयात गोधडी पंखाखाली पसरली. रखवालदार ओरडत आला. मॅडमनीच त्याला थांबवलं. मी त्यांना म्हटलं, "बसा खाली. आता बघा." गोधडीची प्रत्येक ओळ डावीकडून सुरू. ओळ संपली की एक उलटा टाका, आणि दोऱ्याचं शेपूट डाव्या अंगाला, कापडाखाली दडवलेलं. मग उठून काचेखालची हातभर जागा दाखवली. तिथेही प्रत्येक गाठ डाव्या अंगाला झुकलेली, शेपूट दडवलेलं. तिने पंखाला गोधडीच समजून शिवलेलं. मॅडम चार वेळा खालीवर झाल्या. मोबाईलमध्ये फोटो काढले. गोधडीवर एकदा हात फिरवला.

मग वही काढली. "काका, नाव सांगा."

मी म्हटलं, "लिहा, सौ..." आणि पुढे जाईना. सौ. तरी कसं म्हणू आता?

"कै. लिहू?"

"अजिबात नाही! पंख शिवला तेव्हा जिवंत होती ती. चांगली ठणठणीत होती. नुसतं नाव लिहा."

आणि मी नाव सांगितलं. आवाज चढला माझा, रखवालदाराने वळून बघितलं. तिच्या बापाने ठेवलेलं नाव आणि आमचं आडनाव. मधे माझं नाव घालू का, मॅडमनी विचारलं. म्हटलं नको, मधे मी नव्हतो, पलीकडे होतो.

"मग तुमचंही लिहूया ना. दुसऱ्या बाजूने तुम्हीच दाभण परत पाठवायचात."

"माझ्यासाठी तो मदतनीस तसाच ठेवा," मी म्हटलं. "फक्त अनेकवचन काढा. एकच होता."

पाटी बनवायला टाकलीय म्हणतात. साहेबांनी कबूल केलं, असंही म्हणतात. लागेल त्या दिवशी मुलीला घेऊन जाणार आहे, खालची इंग्रजी ओळ तिच्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घेणार. माझा आता कुणावर विश्वास राहिलेला नाही.