साहेबाला ‘द’, हमालाला ‘अ’

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी निमोण्याच्या शाळेतल्या आतार सरांचं नाव घेतो. ते इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या तासाला ‘प्रेझेंट सर’ चालत नसे. घरातलं माणूस काय काम करतं ते इंग्रजीत सांगायचं, मगच हजेरी लागे.

त्यात आमचा सगळ्यांचा एकच घोटाळा होता. इंग्रजी नामाआधी लागणारा ‘द’ म्हणजे अहो-जाहो आणि ‘अ’ म्हणजे अरे-तुरे, असं आम्ही मनाशी धरलं होतं. त्यामुळे तलाठी, फौजदार, डॉक्टर यांना ‘द’. गवंडी, हमाल, ड्रायव्हर यांना ‘अ’. सर कपाळाला हात लावायचे. "अरे, हा काय लग्नातला मानाचा फेटा हाय का? पुष्कळांतला एक म्हणून ‘अ’. डॉक्टरलाही तोच, हमालालाही तोच."

"पण सर, फौजदारसायेब रागावतील की," मागून एक जण म्हणाला.

"रागावू दे. इंग्रजी त्यांना तरी कुठं येतंय."

माझे वडील विहिरी खोदायचे. मी ‘अ लेबर’ म्हणून मोकळा व्हायचो. एका रविवारी सर सायकलवरून थेट विहिरीवर आले आणि काठावर उकिडवे बसले. "आप्पा, तुमच्या कामाला नेमकं काय म्हणायचं?"

"मजूर म्हणा की," वडील खालूनच म्हणाले.

"मजूर समदेच. तुम्ही तर पाणी लागंस्तोवर खाली जाता."

सोमवारी त्यांनी माझ्याकडून ‘अ वेल-डिगर’ म्हणवून घेतलं. घरी वडिलांनीही तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि मग ते जेवायला बसले.

घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो सरांमुळे. आता कारेगावात राहतो, कंपनीत कंत्राटावर आहे. पाळ्या बदलतात, साहेब बदलतात, कंत्राट काही बदलत नाही. सर निवृत्तीनंतर भांडगावला मुलीकडे गेले आणि तिथल्या पोरांचा रविवारचा वर्ग घेऊ लागले. मध्यंतरी त्यांना अर्धांगाचा झटका आला. भेटायला गेलो तेव्हा अडखळत म्हणाले, "वर्ग बंद पडतोय रे. तू घेशील?"

"बघतो, सर."

"बघतो म्हंजी न्हाई, एवढं कळतं मला. पण दमलायस, तेही दिसतंय."

फोनवर बोलताना त्यांना त्रास होतो, म्हणून मी पत्र पाठवलं:

‘आदरणीय सर, सादर नमस्कार. वर्ग मी घेईन. दर रविवारी जमेलच असं नाही, सुट्टी कंपनी ठरवते. पहिली पाळी असली तर संध्याकाळी येईन. दमतो, ते तुमच्यापासून काय लपवायचं? शिकवताना डोळा लागला तर पोरं उठवतील. तुम्ही दारात खुर्ची टाकून बसा. बोलायचे कष्ट घेऊ नका. मी चुकलो की काठी आपटा. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. पोरांना थांबायला सांगा.’