घरटी एक, आणि तीही बाई

माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. गावाच्या मते माझ्या लग्नाची वेळ तोवर दोनदा येऊन गेली होती. गाव धावडा. नवरदेव भोकरदनचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देणारा. मी शिकवत होते त्या शाळेची पाण्याची मोटार जळाली, ती त्याने एका दिवसात ठीक केली, आणि मग ती बरी चालते की नाही हे विचारायला तो दोन महिने येत राहिला. मोटार बरी चालत होती. मी मात्र दर वेळी ‘आवाज करते बहुतेक’ असं सांगत होते. तो मला तेव्हा ‘मॅडम’ म्हणायचा. अजूनही म्हणतो.

लग्नाचा खर्च दोघांनी आपापल्या कमाईतून करायचा, ना त्याच्या आईला हात लावायचा ना माझ्या भावाला, हे पहिल्याच दिवशी ठरलं. आमची कमाई म्हणजे एक विनाअनुदानित शाळेची मास्तरीण आणि एक मोटारींचा वैद्य. मग त्याच्या दुकानात, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत बसून, आम्ही आमच्या लग्नातून एकेक गोष्ट काढून टाकायला लागलो. मला त्यात फार मजा आली. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं मीच बसवते, आणि नाटक चांगलं होतं ते काय घातलं यापेक्षा काय काढलं यावर, हे मला अनुभवाने माहीत होतं.

त्याचा एक नियम होता. “जे दुसऱ्या दिवशी परत करायचं, ते आणायचंच न्हाई.”

या एका वाक्याने भाड्याची शेरवानी गेली, नकली दागिने गेले, फुलांचं गेट गेलं. “घोडा?” मी विचारलं. “घोडा तर त्याच दिवशी परत करावा लागतो,” तो म्हणाला. घोडा गेला. डीजे मी काढला. वऱ्हाड एका क्रूझरमध्ये मावेल तेवढंच आणायचं, हे त्याने सुचवलं. आणि जीपवाल्यांच्या हिशेबाने क्रूझरमध्ये किती माणसं मावतात हे माहीत असल्याने मी ते मान्य करण्यापूर्वी आकडा विचारून घेतला. मांडवाची शोभा माझ्याकडे होती. ती मी शाळेतून आणली, म्हणजे गॅदरिंगचा रंगवलेला पडदा. त्यावर किल्ला आहे, वर झेंडा आहे, आणि चित्रकला शिक्षकांच्या मर्जीमुळे किल्ल्यापेक्षा मोठा मोर आहे. पडदा परत करायचा होता, पण तो फुकट होता. फुकटाला नियम लागू होत नाही, असं मी जाहीर केलं.

राहिलं जेवण. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. यातलं काहीच काढण्यासारखं नव्हतं, म्हणून माणसं काढावी लागणार होती.

आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. दुसरं घरटी एक. चूलबंद आमच्या आवाक्यात नव्हतं. आमची गल्ली आणि भावकी मिळून शे-सव्वाशे घरं होतात. म्हणजे घरटी एक. आणि घरटी एक म्हटलं की काय होतं, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. घरातला पुरुष इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, तासाभराने ढेकर देत येतो, आणि घरातल्या बाईने त्या वेळात भाकरी थापलेल्या असतात.

तेव्हा मी म्हणाले, “घरटी एक, पण ती बाई.”

नवरदेवाने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, “बराबर.”

यात मला गाव सुधारायचं वगैरे काही नव्हतं. मला मांडवात नटूनथटून बसलेल्या बायका हव्या होत्या, आणि बायका कमी जेवतील असाही माझा एक हिशेब होता. तो हिशेब साफ चुकला.

आवतण द्यायला मी आणि माझी मावशी निघालो, तिच्या हातात कुंकवाची कोयरी, माझ्या हातात अक्षता. नवरीने स्वतः आवतण देत फिरणं हेच आधी लोकांना पचत नव्हतं, त्यात आवतणाचा मजकूर असा. तिसऱ्या-चौथ्या दारातच मला कळलं की मी गल्लीत काय सोडून दिलं आहे.

“घरटी एक बाई,” मावशीने सांगितलं.

“म्हंजे मीच की,” ओट्यावरची सासू म्हणाली.

आतून सून म्हणाली, “आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतेत ना.”

“जेवायला गुडघे लागत न्हाईत.”

“पंगतीत खाली बसायला लागतेत.”

“मंग तू मला बसवून दे अन् घरी ये.”

आम्ही पुढच्या दाराकडे गेलो तरी ते चालूच होतं. एका घरात तीन जावा होत्या. तिघींनी चिठ्ठ्या टाकल्या असं नंतर कळलं. एका घरात बाईच नव्हती, म्हातारा आणि दोन बिनलग्नाचे मुलगे. म्हातारा म्हणाला, “मंग आम्ही काय पाप केलं?” मी म्हणाले, “काका, तुमच्या लेकीला टेंभुर्णीहून बोलवा, ती तुमच्या घरची बाई.” त्याने खरंच बोलावलं. ती आदल्या दिवशी एसटीने आली आणि बापाला म्हणाली, “इतक्या वर्षांत तुम्हाला मला आणायला हे कारण सापडलं व्हय?”

संध्याकाळपर्यंत बातमी मारुतीच्या पारावर पोचली. पारावर माझा भाऊ बसतो.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वडील गेल्यापासून घरचा कर्ता तोच, त्यामुळे कन्यादानाला बसायचे ते तो आणि त्याची बायको. तो घरी आला, हौदावर हातपाय धुतले, आणि पंच्याने तोंड पुसतापुसता म्हणाला, “ताई, आवतण द्यायची ही काय तऱ्हा हाय?”

“घरटी एक. गावची रीतच आहे.”

“घरटी एक म्हंजे घरचा माणूस.”

“बाई घरची नसते काय?”

“बोलण्यात तुला कोण हारवणार, तू मास्तरीण. पण मी ह्या लोकायच्या मांडवात जेवलोय. बारशाला जेवलोय, तेराव्याला जेवलोय. आता माझ्या बहिणीच्या लग्नात त्यायला सांगू, तुम्ही घरी बसा, बायको धाडा? पारावर हसून राह्यले सगळे. म्हणतेत, लग्न हाय का हळदीकुंकू?”

“हसू दे. पुरुष बोलवले तर बायका नाहीत, दोघं बोलवले तर पैसे नाहीत.”

“पैसे मी देतो.”

“ते ठरलंय. तुझे घ्यायचे नाहीत.”

“मंग मी मांडवात येत न्हाई.”

हे तो कापसाचा भाव ऐकल्यावर ‘विकत न्हाई’ म्हणतो त्या आवाजात म्हणाला. सहसा तो आठवड्यात विकतो. पण एकदा मनावर घेतलं की दोन-दोन वर्षं कापूस घरात भरून ठेवतो, आणि आम्ही सगळे त्या कापसाच्या ढिगाला वळसा घालून झोपतो. हा कोणता प्रकार, ते त्या दिवशी मला ओळखता आलं नाही.

माय चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, “लगन तुझं, पैसा तुझा. पण त्याचं तोंड पडलंय, बाई.” भावजयीने त्या रात्री मला विचारलं, “ताई, कन्यादानाला एकटी बाई बसली तर चालतं का?” मी म्हणाले, लग्न लावणाऱ्या महाराजांना विचारू. दोघीही महाराजांना विचारायला गेलो नाही. माझ्या बाजूने काका कोणीतरी बसवता आला असता, लग्न काही अडलं नसतं. पण माझ्या मागे दुसरा कोणी उभा आहे असं चित्र मनात आणून बघितलं, तर ते नाटकात ऐनवेळी बदललेल्या नटासारखं दिसायला लागलं. संवाद सगळे बरोबर, माणूस चुकीचा.

तरी मी आवतण बदललं नाही. तो पाराकडे जात राहिला, मी झेंडूच्या माळा करत राहिले.

लग्नाच्या दिवशी पंगत आधी आणि अक्षता नंतर ठेवल्या होत्या, कारण बायकांना दुपारी घरी परतायची घाई. पारासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव, मांडवाच्या टोकाला आमचा किल्ला. मी किल्ल्याच्या मागे, खुर्चीवर, नवरीच्या वेषात. त्या पडद्याला एका खिडकीच्या जागी भोक आहे. गॅदरिंगला मी त्यातून प्रेक्षक किती आले ते बघते. त्या दिवशीही बघितलं. मांडव हिरव्या, जांभळ्या, लाल साड्यांनी भरला होता. गुडघ्यांवाली सासू आली होती आणि पहिल्या रांगेत मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. तीन जावांपैकी दोघी आल्या होत्या. टेंभुर्णीची लेक आली होती. आणि समोर पारावर, पांढरा शर्ट घालून, पुरुषांच्या घोळक्यात माझा भाऊ बसला होता. मांडवाकडे पाठ करून.

पत्रावळी मांडून झाल्या आणि आचारी पडद्यामागे आला. “ताई, वाढपी कुठंयत? मी रांधतो, वाढत न्हाई.”

पैसे देऊन आणायचे वाढपी आम्ही काढून टाकले होते, कारण आमच्या गल्लीत लग्नात वाढायला कधी कोणाला बोलवावं लागत नाही. तरणे पोरगे, बाप्ये, सगळे आपणहून बादल्या उचलतात. त्या दिवशी कोणी उचलल्या नाहीत. सगळे पारावर बसून होते. बायका बोलावल्या ना, मग बायका वाढतील.

दोन-चार बायका उठायला लागल्या. मावशीने त्यांना दामटून खाली बसवलं. “आज उठायचं न्हाई,” ती म्हणाली. पण पुढे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. शंभर बायका रिकाम्या पत्रावळीसमोर बसलेल्या, आणि पारावरून खोकल्याचे आवाज.

तेव्हा क्रूझरमधून उतरून खुर्चीवर बसलेला नवरदेव उठला. त्याने उपरणं कमरेला खोचलं, वरणाची बादली उचलली, आणि पहिल्या पंगतीला वाढायला सुरुवात केली. मुंडावळ्या डोळ्यांपुढे येत होत्या, त्या तो मानेने बाजूला झटकत होता. मी त्याला हे सांगितलेलं नव्हतं. माझा भाऊ हे आजही मान्य करत नाही.

गुडघ्यांवाल्या सासूने पत्रावळीवर आडवा हात धरला. “जावयाच्या हातचं कसं घेऊ, बाबा?”

“आजी, आणखी जावई झालो न्हाई,” तो म्हणाला. “मुहूर्ताला तास हाय. तवर घ्या.”

तिने हात काढला.

पारावरचा खोकला थांबला. भावाने मान वळवली. आमच्याकडे जावयाने सासरी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायचा नसतो, आणि इथे जावई भर मांडवात कमरेत वाकून वरण वाढत होता, वर मुंडावळ्या. भाऊ पारावरून उतरला. भोकातून मला तो येताना दिसत होता, आणि चेहऱ्यावरून तो काय करणार आहे ते कळत नव्हतं.

“दाजी, सोडा.”

“राहू द्या, होतंय माझं.”

“सोडा म्हणलं ना.”

दोघांनी बादलीची कडी धरून ठेवली. वरण हिंदकळलं आणि भावाच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून खिशापर्यंत सांडलं. त्याने शर्टाकडे बघितलं. मग पाराकडे वळून तो असा ओरडला की माईकची गरज नव्हती.

“तमाशा काय बघून राह्यले? बट्टी काय तुमचा बाप वाढणार हाय?”

ते उठले. एकाने बट्टीची टोपली घेतली, एकाने तूप, एकाने भाजी. म्हाताऱ्याच्या दोन बिनलग्नाच्या मुलांनी बुंदी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. ज्यांनी आयुष्यात घरच्या ताटात मीठ वाढलं नव्हतं, ते आता आपल्याच आयांना आणि बायकांना वाकून ‘आणखी?’ विचारत होते. बायका कोणी नको म्हणेनात. एकजणी नवऱ्याला म्हणाली, “हात आखडू नका, आपल्या घरचं न्हाई.” पुढची म्हणाली, “तूप धार धरून वाढायचं असतंय, शिंपडायचं नसतंय.” तो मुकाट्याने धार धरायला लागला.

मधेच भाऊ आचाऱ्याकडे गेला आणि झाकणं उघडून पातेल्यांत डोकावला. आचारी लोक सांगितलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवत नाहीत. त्यानेही वरण-बट्टी जास्तच केली होती. भाऊ परत येऊन दबक्या आवाजात सगळ्यांना सांगत फिरला, “वाढणाऱ्यायची दुसरी पंगत हाय. बुंदी उरली न्हाई, पण बट्टी हाय.” म्हणजे माझं आवतण मोडलं नाही आणि त्याचंही तोंड राहिलं. त्याने जेवायला कोणालाच बोलावलं नव्हतं. पण वाढणारा उपाशी जातो असं कुठल्या गावात असतं? हे त्याला पारावर बसून सुचलं होतं की त्या क्षणी, ते मी विचारलं नाही.

अक्षता वेळेवर पडल्या. आमच्या भागात हे कुठे घडल्याचं मी ऐकलेलं नाही, पण वाट बघायला मोठं माणूस कोणी बोलावलेलंच नव्हतं. मग कन्यादानाला महाराजांनी नवरीच्या माणसांना हाक मारली. भावजय येऊन बसली. तिच्या शेजारची जागा थोडा वेळ रिकामी राहिली, आणि मग भाऊ आला. शर्टावर पिवळा डाग, हाताला भाजीचा वास, बोटांवर बादलीच्या कडीचे लाल वळ. तो बसला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

महाराजांनी मंत्र सावकाश सुरू केला. त्यांना आवाज चांगला आहे आणि ते त्यांना माहीत आहे. पाण्याचा तांब्या भावाच्या हातात होता. मागे मांडवात पत्रावळी उचलल्याचा, दुसऱ्या मांडल्याचा आवाज येत होता.

“महाराज, जल्दी करा,” भाऊ म्हणाला. “दुसरी पंगत बसवायचीय मला.”